हिंगुळाचे पथ्य

उत्तराध्ययन सूत्राच्या 36 व्या अध्ययनात पृथ्वीकायाचे प्रकार सांगितले आहेत. माती, खडे, वाळू, शिला, मीठ यांच्यानंतर लोखंड, तांबे, कथील, शिसे, चांदी, सोने हे धातू येतात आणि त्यांच्या पाठोपाठ हरताळ, हिंगूळ, मनशीळ ही नावे येतात. दिगंबर परंपरेतील मूलाचारातही ही यादी जवळपास अशीच आढळते. स्वाध्यायात ती ऐकताना हिंगूळ या शब्दापाशी आता फारसे कोणी थांबत नाही, कारण तो पदार्थच घरातून नाहीसा झाला आहे. एके काळी तसे नव्हते. कल्पसूत्राच्या जुन्या हस्तलिखितांतील चित्रांची ती गर्द तांबडी पार्श्वभूमी आठवावी. त्या रंगासाठी हिंगूळ खलला जात असे.

हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक यांचे संयुग. खाणीतून निघणाऱ्या या तांबड्या खनिजात वजनाने सुमारे 86 टक्के पारा असतो. चीनमध्ये त्याला ‘जूशा’ म्हणतात आणि तेथील वैद्यकात दोन हजार वर्षांपासून ते औषध म्हणून वापरले जाते. तिबेटी वैद्यकात पाऱ्यावर दीर्घ संस्कार करून त्याचे भस्म करतात आणि ते मोलाच्या गोळ्यांत घालतात. आज या विषयाकडे वळण्याचे कारण निव्वळ जिज्ञासा नाही. यीवू आणि ग्वांगचौ येथून माल आणणारी, हाँगकाँगला हिऱ्यांच्या व्यवसायानिमित्त वसलेली कितीतरी कुटुंबे आपल्या समाजात आहेत. चिनी व्यापाऱ्याने आपुलकीने दिलेली रेशमी डबीतील गोळी, किंवा धरमशालेच्या सहलीतून आणलेली रंगीत कापडात बांधलेली तिबेटी गोळी देवघराशेजारच्या कपाटात जपून ठेवलेली असते. ‘वनौषधी आहे, परंपरेची आहे, अपाय नाही,’ असे सांगून ती घरातील वडीलधाऱ्यांना दिलीही जाते. या वाक्यातील ‘वनौषधी’ हा शब्द पुष्कळदा अपुरा असतो. ‘अपाय नाही’ हे तर खुद्द त्या परंपरेलाच मान्य नाही.

प्रथम या खनिजाच्या व्यापाराची एक हकीकत, कारण ती व्यापारी घराण्यांना विशेष रुचेल. चीनचा आद्य इतिहासकार सिमा छियान याने आपल्या इतिहासग्रंथात संपत्ती कमावणाऱ्यांवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. राजे आणि सेनापती यांच्या चरित्रांबरोबर व्यापाऱ्यांचीही नोंद घ्यावी असे इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास एका इतिहासकाराला वाटले, हेच मुळात कौतुकाचे आहे. त्या प्रकरणात बा प्रांतातील, म्हणजे आजच्या चुंगचिंगच्या परिसरातील, छिंग नावाच्या एका विधवेचा उल्लेख येतो. तिच्या घराण्याकडे हिंगुळाच्या खाणी होत्या आणि कित्येक पिढ्या त्यांचा नफा त्यांच्याच हाती राहिला होता. पतीच्या पश्चात तिने तो व्यवसाय सांभाळला. संपत्तीच्या बळावर तिने स्वतःचे असे रक्षण केले की तिच्या वाटेला जाण्याची कोणाची छाती झाली नाही. ज्या सम्राटाने चीन एकत्र केला त्या छिन शी ह्वांगने तिला अतिथीचा मान दिला आणि तिच्या गौरवार्थ एक चौथरा बांधला. हिंगुळाला एवढे मोल का होते, हे त्याच सम्राटाच्या समाधीवरून कळते. समाधीच्या आत पाऱ्याच्या नद्या वाहत्या केल्या होत्या असे सिमा छियान लिहितो. विसाव्या शतकात शास्त्रज्ञांनी त्या टेकडीच्या मातीची तपासणी केली, तेव्हा तिच्यात पाऱ्याचे प्रमाण आसपासच्या जमिनीपेक्षा खरोखरच पुष्कळ अधिक आढळले. एवढा पारा हिंगूळ भाजूनच मिळवावा लागतो.

हे खनिज औषधात कसे शिरले? चिनी औषधशास्त्राचा सर्वांत जुना ग्रंथ शन्नोंगच्या नावावर आहे. त्यात 365 औषधे तीन श्रेणींत मांडली आहेत. वरच्या श्रेणीत आयुष्य वाढवणारी, मधल्या श्रेणीत बल देणारी आणि खालच्या श्रेणीत रोग बरे करणारी, पण तीव्र. हिंगूळ वरच्या श्रेणीत आहे आणि तेथील खनिजांत त्याचे नाव पहिले आहे. त्या काळच्या विचारसरणीत ते स्वाभाविक होते. तांबडा रंग अग्नितत्त्वाचा, अग्नी हृदयाचा, आणि चिनी वैद्यकात मनाचे वसतिस्थान हृदय. म्हणून तांबडे आणि जड खनिज हृदयाला स्थिर करील, घाबरटपणा, निद्रानाश आणि झटके शमवील, अशी धारणा झाली. चिनी भाषेत ‘तान’ या अक्षराचा मूळ अर्थ हिंगूळ असाच आहे. पुढे त्याच अक्षराला गोळी, रसायन, संजीवनी असे अर्थ चिकटले.

चौथ्या शतकातील को हुंग या किमयागाराने तर हिंगुळावर आपले सारे तत्त्वज्ञान उभे केले. त्याचे म्हणणे साधारण असे: वनस्पती जाळली की तिची राख होते आणि तेथे सारे संपते. हिंगूळ जाळला तर पारा होतो आणि पाऱ्यावर संस्कार केले की पुन्हा हिंगूळ होतो. जो पदार्थ अग्नीतून जाऊनही आपल्या मूळ रूपात परत येतो तो देहालाही अविनाशी करील. निरीक्षण अगदी बरोबर होते. हिंगूळ तापवला की पारा सुटतो आणि पारा गंधकाबरोबर घोटला की आधी काळे आणि मग योग्य उष्णतेवर तांबडे संयुग मिळते. आपल्याकडील वैद्यांना कज्जली आणि रससिंदूर या नावांनी हेच ठाऊक आहे. चुकला तो निष्कर्ष, आणि त्या चुकीची किंमत फार मोठी होती.

तांग राजवटीत ही किंमत दिसू लागली. इसवी सन 820 ते 859 या काळात गादीवर असलेल्या चार सम्राटांच्या अखेरीशी इतिहासकार या अमरत्वाच्या गोळ्यांचा संबंध जोडतात. राजाची ही तऱ्हा, तर दरबाऱ्यांची काय सांगावी! या काळातील सर्वांत हृदयस्पर्शी साक्ष हान यू या थोर गद्यलेखकाने लिहून ठेवली आहे. त्याच्या नात्यातील एक तरुण जावई राजधानीच्या विद्यापीठात अध्यापक होता. त्याने एका किमयागाराकडून पाऱ्याची गोळी घेण्यास आरंभ केला. शिशाच्या मध्यभागी पारा ठेवून, झाकण लावून, भट्टीत तापवून केलेली ती गोळी होती. काही काळाने त्याला रक्त पडू लागले आणि चार वर्षांत त्याचा अंत झाला. वय 48. त्याचा समाधिलेख लिहिताना हान यूने नेहमीची स्तुती बाजूला ठेवली. आपल्या परिचयातील आणखी कोणकोणते अधिकारी याच मार्गाने गेले त्यांची नावे आणि त्यांच्या मरणयातना त्याने एकेक करून नोंदवल्या. हे लोक अडाणी नव्हते. स्पर्धापरीक्षा उत्तीर्ण झालेले, मोठे हुद्दे भूषवलेले विद्वान होते. साधे अन्न नको आणि चमत्काराची गोळी हवी या वृत्तीवर त्याने जो राग काढला आहे, तो शोकातून आलेला राग आहे. ती गोळी करणारा किमयागार सम्राटासाठीही औषध करीत असे, आणि सम्राटाच्या मृत्यूनंतर त्याला देहदंड झाला.

या मृत्यूंचा परिणाम झाला. पुढील शतकांत चिनी किमयेची भट्टी हळूहळू बाहेरून आत सरकली. धातू आणि खनिजे यांच्याऐवजी श्वास, ध्यान आणि संयम यांनी देहातच ‘तान’ सिद्ध करावे, असा अंतःसाधनेचा मार्ग प्रबळ झाला. बेंबीखालच्या ज्या स्थानावर आजही चिनी प्राणायाम शिकवणारे लक्ष केंद्रित करायला सांगतात, त्याला ते ‘तान-त्येन’ म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ हिंगुळाचे शेत! ज्यांना बाह्य तप आणि अभ्यंतर तप हा भेद बालपणापासून शिकवला जातो, त्यांना हे वळण समजावून सांगण्याची गरज नाही.

औषध म्हणून हिंगूळ मात्र राहिला, पण त्याचे स्थान बदलले. 1596 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ली शिचेनच्या महाग्रंथात 1892 औषधांची माहिती आहे. पाऱ्याने अमरत्व मिळते असे सांगणाऱ्या जुन्या ग्रंथकारांवर त्यात त्याने कठोर टीका केली आहे. त्याने परंपरा टाकली नाही आणि जशीच्या तशी उचललीही नाही. जुनी नोंद तपासून, चुकीच्या नोंदीवर रेघ ओढून, खाते पुढे चालवले. परंपरेचा मान ठेवण्याची ही रीत अनुकरणीय आहे.

एक गोष्ट येथे सांगून टाकावी. तांबड्या शाईचा मान चीनमध्ये कायम राहिला. छिंग सम्राट अधिकाऱ्यांच्या अर्जांवर आपला शेरा हिंगुळाच्या तांबड्या शाईत लिहीत. कागदावर लाल अक्षर दिसले की ते सम्राटाचे, हे सांगावे लागत नसे. आपल्याकडे लेखापरीक्षकाची हिरवी शाई लांबून ओळखू येते, तसेच. चित्रकार आणि व्यापारी यांच्या शिक्क्यांची तांबडी लुकणही हिंगुळाचीच.

आता औषधाकडे. तेराव्या शतकातील ली तुंगयुआन या वैद्याची एक गोळी अद्याप प्रसिद्ध आहे. तिच्या नावाचा अर्थच ‘हिंगुळाची मन शांत करणारी गोळी’ असा आहे. त्यात हिंगुळाबरोबर ज्येष्ठमध आणि आणखी तीन मुळ्या असतात. अस्वस्थता, धडधड आणि झोप न येणे यांसाठी ती देत. मात्र गोळीत घालण्यापूर्वी हिंगुळावर जो संस्कार करतात तो पाहण्याजोगा आहे. खनिज कुटून त्यावरून लोहचुंबक फिरवतात, म्हणजे लोखंडाचे कण निघून जातात. मग पाणी घालून खलात घोटतात. वर तरंगणारे गढूळ लाल पाणी दुसऱ्या भांड्यात ओततात, तळाचा जाडसर भाग पुन्हा घोटतात, पुन्हा पाणी, पुन्हा ओतणे. शेवटी त्या गढूळ पाण्याचा गाळ खाली बसू देतात आणि वाळवतात. या कृतीला ते ‘पाण्याने उडवणे’ म्हणतात. तिने चूर्ण अत्यंत बारीक होते, आणि पाण्यात विरघळणारे पाऱ्याचे क्षार, जे खरे घातक, ते धुऊन जातात. वाळवणेसुद्धा सावलीत किंवा 40 अंश सेल्सिअसच्या आत. हिंगुळाला आच लागता कामा नये, हा चिनी औषधशास्त्राचा कडक दंडक आहे. भाजायचा नाही आणि काढ्यात उकळायचाही नाही. आयुर्वेदातील हिंगूळशुद्धीची पद्धत वेगळी, आल्याच्या किंवा लिंबाच्या रसाच्या सात भावना देण्याची. आले वर्ज्य असणाऱ्यांना निदान लिंबाची सोय आहे!

आचेचे हे भय निराधार नाही. पारा एकच, पण त्याची रूपे निरनिराळी आणि प्रत्येक रूपाचा शरीरातील प्रवेश निराळा. थर्मामीटरमधील द्रवरूप पारा गिळला गेला तर त्याचा दहा हजारावा भागही अंगात शोषला जात नाही. त्याच पाऱ्याची वाफ श्वासावाटे गेली तर सुमारे 80 टक्के रक्तात उतरते. मासळीत साठणारा सेंद्रिय पारा तर पोटातून 95 टक्क्यांच्या आसपास शोषला जातो. जपानमधील मिनामाता येथे 1956 मध्ये उघडकीस आलेली भीषण विकृती त्याचीच. हिंगूळ या सर्वांत सौम्य, कारण तो पाण्यात किंवा जठररसात जवळजवळ विरघळतच नाही. बहुतांश जसा गेला तसा बाहेर पडतो. परंतु तापवला की तोच हिंगूळ वाफ सोडतो आणि सौम्य पदार्थ घातक होतो. रसायनशास्त्राच्या भाषेत आज हे सांगता येते. प्राचीन वैद्यांनी ते अनुभवाने आणि प्रेतांच्या संख्येवरून ताडले.

आकड्यांची थोडी उजळणी आवश्यक आहे, कारण या विषयात दोन्ही बाजूंचे लोक आकडे अर्धेच सांगतात. चीनच्या अधिकृत औषधसंहितेत हिंगुळाच्या चूर्णाची मात्रा 0.1 ते 0.5 ग्रॅम दिली आहे. 0.1 ग्रॅम हिंगुळात सुमारे 86 मिलिग्रॅम पारा येतो. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने 2010 मध्ये असेंद्रिय पाऱ्यासाठी आठवड्याची सह्य मर्यादा ठरवली, ती शरीराच्या प्रत्येक किलोमागे 4 मायक्रोग्रॅम. 60 किलो वजनाच्या माणसाला ती आठवड्याला 0.24 मिलिग्रॅम पडते. म्हणजे हिंगुळाची सर्वांत लहान मात्रा त्या मर्यादेच्या 350 पटींहून अधिक! टीकाकार येथे थांबतात. ती मर्यादा पाण्यात विरघळणाऱ्या पाऱ्याच्या क्षारावरून काढलेली आहे, आणि हिंगूळ विरघळत नाही, हे ते सांगत नाहीत. समर्थक उलट बाजूने थांबतात. हिंगूळ शोषला जात नाही, म्हणून निर्धास्त राहा, असे ते म्हणतात. जो अत्यल्प अंश शोषला जातो तो रोजच्या रोज घेतल्यास साठत जातो, मुख्यतः मूत्रपिंडात, हे ते वगळतात. चक्रवाढ व्याज कसे वाढते हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी या साठवणीकडे दुर्लक्ष करू नये.

आणि चिनी औषधसंहिता स्वतः काय सांगते? हा पदार्थ विषारी आहे. मोठ्या मात्रेत घेऊ नये. लहान मात्रेतही दीर्घकाळ घेऊ नये. गर्भवती स्त्रियांना आणि ज्यांचे यकृत किंवा मूत्रपिंड दुबळे आहे त्यांना तो निषिद्ध आहे. हे शब्द हिंगुळावर विश्वास असणाऱ्या देशाच्या शासनाचे आहेत. घरातील सत्तरीच्या आजोबांना मधुमेहामुळे मूत्रपिंडाचा विकार असेल आणि त्यांना ‘शक्तीसाठी’ महिनाभर रोज अशी गोळी दिली जात असेल, तर त्यात चिनी परंपरेचे पालन नाही, तिचे उल्लंघन आहे. तैवानने तर 2005 मध्ये चिनी औषधांत हिंगूळ वापरण्यावर पूर्ण बंदी घातली. तेथील लोक चिनी वैद्यकाचे विरोधक नव्हेत.

तिबेटी वैद्यकाची कथा निराळी आहे आणि तिच्यात भारताचा मोठा वाटा आहे. तिबेटी भाषेत पाऱ्याला चांदीचे पाणी म्हणतात आणि चिनी नावाचा अर्थही तोच. ग्रीकांनीही तसेच नाव ठेवले आणि त्यावरून रसायनशास्त्रातील पाऱ्याचे चिन्ह आले. तेराव्या शतकात ओर्ग्येनपा नावाचा तिबेटी साधक आजच्या स्वात खोऱ्याच्या परिसरात गेला आणि पाऱ्याच्या शुद्धीची विद्या घेऊन परतला, असे तिबेटी परंपरा मानते. त्याच्याकडून ती तिसऱ्या करमापांकडे आली आणि पुढे गुरुशिष्य परंपरेने टिकली. या शुद्ध पाऱ्याच्या भस्माला ‘त्सोथेल’ म्हणतात. ते करायला कित्येक आठवडे लागतात. पारा धुणे, घासणे, उकळणे, मग आठ धातू आणि आठ खनिजे यांच्या भस्मांबरोबर त्याचा संयोग करणे. ही भस्मे पाऱ्याचे विष ‘खातात’ अशी त्यांची भाषा आहे. शेवटी गंधकाशी बांधला गेलेला काळा पदार्थ हाती येतो. चीनचा तांबडा हिंगूळ आणि तिबेटचे काळे त्सोथेल यांचा मुख्य घटक रासायनिक दृष्ट्या एकच, पारा आणि गंधक. फरक स्फटिकाच्या रचनेत आहे, आणि त्सोथेलमध्ये त्या इतर भस्मांचाही अंश असतो.

ही विद्या जवळजवळ लुप्त झाली होती. दलाई लामांचे वैद्य तेन्झिन चोद्राक 1959 मध्ये ल्हासात पकडले गेले आणि त्यांनी दोन दशके बंदिवासात काढली. सुटकेनंतर 1980 मध्ये ते भारतात आले आणि 1982 मध्ये धरमशालेत त्यांच्या मार्गदर्शनाखाली त्सोथेल पुन्हा सिद्ध झाले. ल्हासात 1916 मध्ये स्थापन झालेली आणि 1961 मध्ये धरमशालेत पुन्हा उभी राहिलेली मेन-त्सी-खांग ही संस्था ते कार्य आजही करते. भारत शासनाने 2010 मध्ये कायद्यात दुरुस्ती करून तिबेटी वैद्यकाला, म्हणजे सोवा रिग्पाला, आयुर्वेदासारखीच मान्यता दिली. ज्यांनी कारावासात आपले शास्त्र मनात जपले त्यांच्या निष्ठेपुढे मस्तक नमते. गोळी घ्यावी की नाही, हा प्रश्न मात्र त्या निष्ठेने सुटत नाही.

तिबेटी रत्नगोळ्या घेण्याची पद्धत पाहिली तर त्यांचे वैद्य या पदार्थाला किती जपतात ते कळते. गोळी रात्री झाकून, उजेड लागू न देता फोडायची, कोमट पाण्यात भिजत ठेवायची, पहाटे घ्यायची आणि विश्रांती घ्यायची. त्या काळात मांस, अंडी, मद्य, कांदा, लसूण वर्ज्य. हे पथ्य वाचून आपल्या घरातील आजी म्हणेल, ‘यात नवे ते काय?’ नवे असे की हे पथ्य गोळीचाच भाग आहे. वैद्याने नाडी पाहून, कोणाला, किती, कोणत्या कालावधीत हे ठरवून दिलेली गोळी आणि पर्यटकाने दुकानातून घेतलेली डझनभर पाकिटे यांत नाव सोडून काहीही समान नाही. शिवाय सर्वच रत्नगोळ्यांत त्सोथेल असते असे नाही. कोणत्या गोळीत आहे हे विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे आणि जाणकार तिबेटी वैद्य त्याचे सरळ उत्तर देतो.

भेट म्हणून सर्वांत अधिक दिली जाणारी चिनी गोळी वेगळीच. आनकुंग न्यूह्वांग वान, मेणाच्या कवचात बंद, सोन्याच्या वर्खाची. 1798 मधील एका ग्रंथात तिचा पाठ आहे आणि पक्षाघातावरील रामबाण म्हणून चिनी घरांत ती जपून ठेवतात. तिच्यात हिंगूळ आहे, मनशीळही आहे, म्हणजे पाऱ्याच्या जोडीला सोमल वर्गातील खनिज. पण आपल्या दृष्टीने तिची घटकयादी पुढे अधिक गंभीर होते. नावातील ‘न्यूह्वांग’ म्हणजे बैलाच्या पित्ताशयातील खडा, गोरोचन. त्याखेरीज कस्तुरी, म्हशीचे शिंग आणि मोती. पूर्वी म्हशीच्या जागी गेंड्याचे शिंग असे. 1993 मध्ये चीनने त्याच्या व्यापारावर बंदी घातल्यावर ते बदलले. मोती हा तर आपल्यातील अनेक पेढ्यांचा माल. तो औषध म्हणून पोटात जातो तेव्हा प्रश्न अधिकच जवळचा होतो. नवव्या शतकात राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात उग्रादित्याचार्यांनी ‘कल्याणकारक’ हा संपूर्ण वैद्यकग्रंथ मद्य, मांस आणि मध यांना वगळून रचला आणि मांसाच्या औषधी उपयोगाचे खंडन दरबारात केले. तो ग्रंथ 1940 मध्ये सोलापुरातून प्रसिद्ध झाला आहे. औषधाच्या बाबतीत ‘चालते’ असे म्हणण्यापूर्वी तो एकदा चाळावा.

अहिंसेचा विचार घटकाभर बाजूला ठेवला तरी एक व्यावहारिक धोका राहतो, आणि तो हिंगुळापेक्षा मोठा आहे. पक्षाघाताचा झटका आला, तोंड वाकडे झाले, हात उचलेना, बोबडी वळली, तर मेंदूतील गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. ते देण्यापूर्वी झटका रक्तस्रावाचा नाही ना, हे स्कॅन करून पाहावे लागते. या साडेचार तासांतील पहिला तास कपाटातील सोनेरी गोळी शोधण्यात, ती पाण्यात कालवण्यात आणि परिणामाची वाट पाहण्यात गेला, तर त्या तासाची भरपाई कोणत्याही औषधाने होत नाही. शुद्ध हरपलेल्या किंवा गिळता न येणाऱ्या माणसाच्या तोंडात काहीही घातले तर ते श्वासनलिकेत जाण्याचे भय असते. अशा वेळी फक्त रुग्णवाहिका बोलवावी.

ज्या घरी अशा गोळ्या आधीपासून आहेत त्यांनी डबीवरील घटकांची यादी जाणकाराकडून वाचून घ्यावी. चिनी येणारे परिचित आपल्या समाजात कमी नाहीत. ज्यांनी काही महिने त्या घेतल्या आहेत त्यांनी डॉक्टरांपासून ते लपवू नये. मूत्रपिंडाची तपासणी आणि लघवीतील पाऱ्याची तपासणी सांगितल्यास करून घ्यावी. गोळ्या कचऱ्यात टाकून जाळू नयेत, कारण आच लागल्यावर हिंगूळ काय करतो ते वर आलेच आहे.

पाऱ्याची ही गोष्ट औषधापुरती थांबत नाही. पृथ्वीकायाच्या हिंसेचा विचार करणाऱ्यांनी ग्वेइचौ प्रांतातील वानशानचे नाव लक्षात ठेवावे. शतकानुशतके हिंगूळ काढल्यामुळे त्या गावाला चीनची पाऱ्याची राजधानी म्हणत. या शतकाच्या आरंभी खाण बंद झाली, पण राडारोड्यातून पारा ओढ्यांत आणि ओढ्यांतून भातखाचरांत उतरत राहिला. पाणी साचलेल्या चिखलात त्याचे सेंद्रिय पाऱ्यात रूपांतर होते आणि ते तांदळात शिरते. मासे न खाणाऱ्या माणसालाही तेथे तो पारा भातातून मिळतो. आता त्या खाणीच्या भुयारांतून पर्यटक हिंडतात आणि बाहेरच्या दुकानांतून हिंगुळाच्या मण्यांची कंकणे घेतात.

पाऱ्याच्या वापराला आळा घालणारा मिनामाता करार 2013 मध्ये झाला आणि 16 ऑगस्ट 2017 पासून अमलात आला. भारताने 2018 मध्ये त्याला मान्यता दिली. पाऱ्याच्या वस्तूंवरील बंदीतून पारंपरिक आणि धार्मिक वापरातील वस्तू त्याने वगळल्या आहेत. परंतु पाऱ्याच्या खाणी मात्र करार लागू झाल्यापासून 15 वर्षांच्या आत बंद करायच्या आहेत, म्हणजे चीनमध्ये 2032 पर्यंत. त्यानंतर औषधासाठी हिंगूळ कोठून आणायचा, की त्याच्याशिवायच जुन्या गोळ्या करून पाहायच्या, हा प्रश्न तेथील औषध कारखानदारांपुढे आजच उभा आहे. हिंगूळ वगळून केलेल्या गोळीचा गुण तितकाच येतो का, हे प्रयोगशाळेतील प्राण्यांवर पाहण्याचे काम चिनी संशोधक करीत आहेत.